उजवी टाकी

९ मार्च

मावशी,

फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं असा नियम तू केलास. ठीक आहे. कागदावर ओरडता येत नाही असं तुला वाटतं, पण माझं अक्षर बघशील तेव्हा कळेल.

कॉलेज सोडलं ते सोडलं. आठपैकी पाच सेमिस्टर झाली होती, तीनच राहिली होती, हे आई रोज सांगते, जणू मला मोजता येत नाही. बाबा ॲशबर्नहून एवढंच विचारतात की पुढे काय ठरवलंयस, आणि मी तोंड उघडायच्या आत 'ओके' म्हणून फोन आईकडे देतात. मी प्रोफेसरच्या टेबलावर फाईल आपटली हे खरं. माफी मागितली असती तर मिटलं असतं हेही खरं. नाही मागितली.

सध्या ॲन आर्बरपासून तासाभरावर एका कोंबड्यांच्या फार्मवर काम करतोय. मालक डेल, साठीचा माणूस, दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार कोंबड्यांशी. गोठ्याच्या वर एक खोली दिलीय. हीटर चालतो, नळ कधी कधी चालतो.

आता खरं कारण. हसायचं नाही. अनया नावाची मुलगी आहे. कोंबड्यांच्या आजारांवर पीएचडी करते. मराठी मंडळाच्या संक्रांतीला ती सांगत होती की प्रयोगासाठी फार्मवर राहणारा माणूस हवाय, आणि माझा हात आपोआप वर गेला. कोंबडी मी तोवर फक्त ताटात पाहिली होती.

तिचा प्रयोग असा. हुआंग-ची नावाचं एक चिनी मूळ असतं. वाळवून कापलं की डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या काडीसारखं दिसतं. ते आणि आपलं ज्येष्ठमध उकळून काढा करायचा आणि लस देण्याआधी आठवडाभर पिलांना पाण्यातून पाजायचा. लस तीच, पण काढ्यामुळे ती अंगी जास्त लागते असं चिनी पुस्तकांत आहे. तिच्या गाइड, प्रोफेसर लियूबाई, आयुष्यभर यावर काम करत आल्यात आणि आता रिटायर होणार आहेत. या वेळी आकड्यांत काही दिसलं नाही तर विषय बंद, पैसे बंद, अनयाला दुसरा विषय घ्यावा लागेल. तीन वर्षं पाण्यात.

एका शेडला मध्ये जाळी. डावीकडे चार कप्पे, त्यांना डाव्या टाकीचं पाणी, काढ्याचं. उजवीकडे चार कप्पे, त्यांना उजव्या टाकीचं, साधं. प्रत्येक कप्प्यात पन्नास पिलं. काढा मीच उकळणार, सध्या रोज सराव करतोय. माझ्या सगळ्या कपड्यांना त्याचा वास लागलाय आणि अनया म्हणते तो चांगला वास आहे.

तू एकतीस वर्षं सरकारी नोकरीत हेच केलंस ना नगर जिल्ह्यात, कोंबड्यांना लसी देणं? म्हणून तुलाच लिहितोय. आईला सांगू नकोस.

संग्राम


१८ मार्च

संग्रामा,

अक्षर बघितलं. ओरडतोयसच.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं, तो बरा आहे का, मी म्हटलं, त्याला काढा मिळतोय. ती म्हणाली, चला, कुणीतरी काळजी घेतंय.

हुआंग-ची मी पाहिलेली नाही. ज्येष्ठमध ओळखते, त्यातलं थोडं तुझ्या घशालाही लाव. काढ्याचं म्हणशील तर चिनी लोक हजार वर्षं पीत आले म्हणून चांगला असं धरू नकोस, आणि चिनी आहे म्हणून थोतांड असंही धरू नकोस. कोंबडीचं रक्त तपासलं की ते सांगतं. आमच्याकडे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाला मानमोडी म्हणायचे, कारण पक्षी मान मोडून पडायचा. तेव्हा प्रत्येक घरात एक औषध होतं, लसूण, हळद, तंबाखूसुद्धा. कुणाचं लागू पडायचं, कुणाचं नाही, आणि लागू पडलं त्याला वाटायचं आपलंच औषध.

मुलीबद्दल. ती तुझ्या कपड्यांच्या वासाला चांगलं म्हणाली म्हणजे तिला तिचा काढा आवडतो. एवढंच सध्या धर.

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. सनीव्हेलमध्ये सगळे मला हात धरून रस्ता ओलांडायला लावतात, रिकामा रस्ता असला तरी.

तुझी मावशी


२८ मार्च

मावशी,

काल लस झाली. तुझी राणीखेतच, इथे न्यूकॅसल म्हणतात. काढा आदल्या दिवशी बंद केला. सकाळी दोन तास पिलांचं पाणी तोडलं, म्हणजे तहानलेली पिलं लसीचं पाणी भराभर पितात. डेल विहिरीच्या पाण्यात क्लोरीन सोडतो, ते यंत्र बंद केलं, तरी टाकीत थोडं उरतंच आणि लस जिवंत असते, क्लोरीनने मरते. म्हणून आधी पाण्यात दुधाची पावडर कालवायची, वीस मिनिटं थांबायचं, मग लस ओतायची. तुला हे पाठ आहे. मलाही आता येतं एवढंच दाखवतोय.

तर डाव्या टाकीत पावडर कालवली. हात कोपरापर्यंत पांढरे. अनया म्हणाली, मिठाईवाला दिसतोस. त्या वाक्यावर मी आठवडा काढला असता. पण तिच्या लॅबमधला वेद आला होता. पुण्याचा आहे, गोड बोलतो, जॅकेटला कधी डाग नसतो. त्याने कामाच्या यादीचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आठ स्टेप्स आहेत हं. पाचवर सोडू नकोस."

अनया हसली. थोडंसंच, पण हसली.

मी मोजायचा जग भिंतीवर फेकला. प्लास्टिकचा होता, फुटलासुद्धा नाही. बाहेर जाऊन कुंपणापर्यंत चालत राहिलो, बुटांत बर्फ शिरला. परत आलो तेव्हा वेद डाव्या टाकीत लस ओतून पुढच्या कुप्या उघडत होता, पिलं तहानेने कालवा करत होती, अनया घड्याळ बघत होती. मी सरळ उजव्या टाकीकडे गेलो, लस ओतली, पाइप सोडले, यादीत आठच्या आठ ठिकाणी खुणा केल्या, सही केली आणि पेन वेदच्या त्या स्वच्छ खिशात खोचलं. बघ म्हणावं, पूर्ण केलं.

जाताना अनया म्हणाली, थँक यू संग्राम. वेदला नाही म्हणाली. तीन आठवड्यांनी रक्त घ्यायचं. तोवर ती आठवड्यातून दोनदा येईल.

संग्राम


१० एप्रिल

संग्राम,

मी प्रसाद. आईचं ऑपरेशन नीट झालं, डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून ती सांगतेय आणि मी टाइप करतोय. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पाण्याचं आणि पावडरचं ते सगळं मी गाळलं यार, सॉरी, ऑफिसला उशीर होत होता. भांडणाचं मात्र दोनदा वाचायला लावलं तिने.

ती म्हणते: जग फुटला नाही यात तुझं काही कर्तृत्व नाही. वेदची माफी माग. मुलीला हसू आलं तर येऊ दे, हसणारी माणसं परत येतात.

प्रसाद (आणि मावशी)


२ मे

मावशी,

रिझल्ट आले. बसून वाच.

काढ्याच्या कप्प्यांचं सरासरी टायटर सहा पॉइंट आठ. साध्या कप्प्यांचं दोन पॉइंट एक. टायटर म्हणजे लसीमुळे रक्तात किती फौज उभी राहिली त्याची मोजणी, हे मी प्रसादसाठी लिहितोय. लियूबाईंनी तीनदा विचारलं म्हणे, नमुने उलटसुलट झाले नाहीत ना. नाही झाले, कप्प्यांचे नंबर मीच लिहिलेत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असं अनया सांगत होती.

ती स्वतः सांगायला आली, मावशी. फोन केला नाही, तासभर ड्राइव्ह करून आली. मी काढ्याचं पातेलं घासत होतो. मागून येऊन तिने मला मिठी मारली, साबणासकट. मग पालथ्या पातेल्यावर बसून रडली. तिचं मराठी मोडकं आहे, ती म्हणाली, "आता मला कुणी थांबवणार नाही." जूनमध्ये कॉन्फरन्स आहे, तिथल्या पोस्टरवर माझंही नाव टाकणार आहे. कॉलेज सोडलेल्या माणसाचं नाव. ते बाबांना पाठवणार आहे मी, काही न लिहिता.

काढा देणारी एक कंपनी आतापासूनच तिला ईमेल करतेय, मोठ्या प्रयोगाला पैसे देऊ म्हणून. येत्या रविवारी आम्ही तिच्या गावात जेवायला जाणार आहोत, दोघंच. तेव्हा मी तिला सगळं सांगणार आहे. म्हणजे ते. तुला कळलं असेल.

वेदची माफी मागितली. त्याने चटकन दिली, त्याचाच राग आला.

संग्राम


९ मे

संग्रामा,

पट्टी केव्हाच निघाली, काल नवा चष्मा आला. जगात इतके रंग असतात हे विसरले होते. पहिलं काम तुझी सगळी पत्रं काढली आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, प्रसादने गाळलेलंही.

काढ्याच्या आकड्याचं मला काही नाही. सहा, सात, चांगली लस नीट पोटात गेली की तेवढं काढ्याशिवायही येतं. मी अडले ती दोनपाशी. उजव्या कप्प्यांतल्या पिलांनी काढा घेतला नसला तरी लस तर घेतली होती ना? मग पाचच्या आसपास तरी यायला हवं. दोन म्हणजे त्यांनी लस घेतलीच नाही. मग कदाचित हा काढ्याचा पराक्रम नसेल. त्या बाजूची लस मेलेली असेल.

म्हणून २८ मार्चचं पत्र पुन्हा वाचलं. डाव्या टाकीत पावडर कालवलीस, हात पांढरे झाले, सगळं आहे. मग भांडण आहे. मग तू परत येऊन उजव्या टाकीत लस ओतलीस. पावडर नाही. वीस मिनिटं थांबणं नाही. मी तीनदा शोधलं.

लिहायचं राहिलं असेल, तर तसं कळव. करायचं राहिलं असेल, तर तेही तुलाच कळव आधी.

अनया एवढी हुशार मुलगी, तिला हे दिसायला हवं होतं. पण हवं ते हातात पडलं की ते उलटं करून बघावंसं वाटत नाही. लियूबाईंनी तीनदा विचारलं, त्यांना कुठेतरी खुपलं असणार.

रविवारचं जेवण झालं का? काय बोललास?

मावशी


१४ मे

मावशी,

तूपण. आई, बाबा, प्रोफेसर, वेद आणि आता तू. संग्रामने काही नीट केलं की शोधा कुठे चुकला.

त्या दिवशी काय काय केलं ते मला मिनिटामिनिटाने आठवत नाही. यादीवर खुणा आहेत. पावडरची पाकिटं दोन आणली होती, टाकीला एक असं. एक कपाटात आहे, वरच्या फळीवर, न फोडलेलं. पण डेलने एखादं जास्त आणलं असेल. त्याला विचारलं नाही. विचारून काय होणार?

लस मेली असेल तरी काढा चांगलाच असेल ना? तिला खात्री आहे. मग खरे आकडे पुढच्या प्रयोगात येतीलच, हे थोडे आधी आले एवढंच.

जेवायला गेलो होतो. बोललो नाही. ती बोलत होती, पोस्टरबद्दल, मी ऐकत होतो. तू पत्र पाठवायच्या आधीच मी ते पाकीट पाहिलं होतं. आता खूश?

संग्राम


१९ मे

संग्रामा,

खूश नाही. चहा गार होऊन गेला तुझं पत्र वाचताना.

एक गोष्ट सांगते, तुझ्या आईलाही ठाऊक नाही. नोकरीचं चौथं वर्ष. एका गावात कोंबड्यांना लस द्यायची होती. लस बर्फाच्या थर्मासमध्ये घेऊन मी एसटीने निघाले, घाटात एसटी बंद पडली, चार तास उन्हात. पोचले तेव्हा थर्मासमध्ये पाणी होतं, कोमट. पण बायका सकाळपासून टोपल्यांखाली कोंबड्या झाकून बसल्या होत्या. काहींनी रोजावर जाणं सोडलं होतं. त्यांना परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. मी प्रत्येकीच्या कोंबडीला लस दिली आणि रजिस्टरवर सही केली. दया म्हणून केलं असं तेव्हा वाटलं. खरं म्हणजे मला 'आज नाही' म्हणायची लाज वाटली.

महिन्याने मानमोडी आली. गावात कोंबडा आरवायचा राहिला नाही. मला कुणी काही विचारलं नाही, रजिस्टर बरोबर होतं. पण पुढच्या वर्षी चांगली, बर्फातली लस घेऊन गेले तर एकही टोपली आली नाही. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमची लस मारते." त्यानंतर जितकी वर्षं मी त्या भागात होते, तिथे लस कुणी घेतली नाही. नाव लसीचं खराब झालं, माझं नाही. मला बढती मिळाली.

तुझा काढा चांगला असेल. खरंच असेल. म्हणूनच त्याला खोट्या आकड्यावर उभा करू नकोस. मोठ्या प्रयोगात तो आकडा येणार नाही, आणि मग खरा असलेला छोटा आकडाही कुणी मानणार नाही. लियूबाईंचं आयुष्य जाईल त्यात.

आणि एक. त्या उजव्या दोनशे पिलांना या घडीला कसलंच संरक्षण नाही. प्रयोग चालू आहे म्हणून डेलने पुढची लसही दिलेली नसणार. ती पिलं तुझ्या आणि अनयाच्या मध्ये उभी नाहीत, ती नुसती उभी आहेत.

मी तुला ओरडत नाही. तू मला ओरडलास तरी चालेल.

मावशी


२६ मे

मावशी,

गुरुवारी तुझं पत्र आलं. शुक्रवारी सकाळी ते न फोडलेलं पाकीट घेऊन तिच्या लॅबमध्ये गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो, एकदा तर गाडी वळवलीसुद्धा.

तिच्यासमोर टेबलावर पाकीट ठेवलं. तिला कळायला किती वेळ लागला असेल? मी श्वास घ्यायच्या आत कळलं. चेहरा असा झाला की कुणीतरी दिवा काढून नेला. मग तिने वही ओढली, पेन उघडलं आणि म्हणाली, "बिगिनिंगपासून सांग." मी सांगितलं. जग फेकला तिथपासून. ती प्रत्येक गोष्ट लिहून घेत होती, वेळेसकट. कुंपणापर्यंत जायला किती मिनिटं लागली हेसुद्धा विचारलं. मी ओरडण्याची वाट बघत होतो, मला ओरडणं समजतं. ती ओरडली नाही.

सगळं लिहून झाल्यावर म्हणाली, "टाकीचा मला राग नाही. ते कुणाकडूनही झालं असतं. तू सही केलीस. आणि पाकीट दिसल्यावर माझ्यासमोर बसून जेवलास."

ते दुसरं, रविवारी बोलायचं राहिलेलं, ते बोललो नाही. त्या क्षणी बोललो असतो तर लाच दिल्यासारखं झालं असतं.

वेद दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं हा आता बोलेल. तो अनयाला म्हणाला की उजवी टाकी त्यानेही बघायला हवी होती, तो माझ्यावर चिडून बघत नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाला की पाचचा जोक घाणेरडा होता. आम्ही दोघं तिथे उभे, शाळेत बाकावर उभं करतात तसे.

पोस्टर मागे घेतलं. लियूबाईंना तिने एकटीने जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या म्हणे की त्यांना बरं वाटलं. बरं का वाटावं हे अनयालाही कळलं नाही, मला थोडं कळलं, तुझ्यामुळे. ऑगस्टमध्ये नवी पिलं आणायची, पुन्हा पहिल्यापासून, रिटायर व्हायच्या आधी बाई तेवढं करून देणार आहेत. कंपनीला अनयाने कळवलंय, त्यांचं उत्तर नाही. पुन्हा करू तेव्हा मी असेन की नाही हे तिने सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.

आता पिलं. पिलं म्हणायची नाहीत आता, अकरा आठवड्यांच्या तलंगा झाल्यात. डेलला सांगितलं. त्याने बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं, मला वाटलं आता सामान बांधायला सांगतो. तो म्हणाला, या वेळी पाण्यातून नको, डोळ्यातून दे. एकेक पकडून. दोनशे. शिक्षा म्हणून म्हणाला की काळजी म्हणून, त्याच्या दहा शब्दांत कळत नाही.

तू हे केलं असशील. एका हातात पक्षी, मान अंगठ्याने धरायची, डोळ्यात लसीचा एक थेंब, दिसावा म्हणून निळा रंगवलेला. मी पहिल्या दहांना थेंब टाकला आणि लगेच सोडल्या. त्यांनी मान झटकली, थेंब माझ्या शर्टावर. डेल म्हणाला, थांब. थेंब डोळ्यावर तसाच पसरतो, कोंबडी तुझ्याकडे बघत राहते, काहीच घडत नाही. मग ती पापणी मिटते, थेंब आत जातो. तेव्हा सोडायची. घाई केली की पुन्हा तीच पकडायची. मी काल सकाळपासून पापण्या मिटायची वाट बघतोय, मावशी. आयुष्यात इतका वेळ मी कशाचीच वाट बघितलेली नाही.

आज दुपारी गाडीचा आवाज आला. अनया. लसीच्या आणखी कुप्या घेऊन आली होती, त्या पोचवून जाईल असं मी धरलं. तिने उलटी बादली घेतली, माझ्यासमोर बसली आणि एक तलंग उचलली. ती धरते, मी थेंब टाकतो, दोघं डोळ्याकडे बघतो. पापणी मिटली की ती 'हं' म्हणते आणि पुढची घेते. चार तासांत तेवढंच बोलली. वहीत प्रत्येकीसमोर खूण ती करत होती आणि शेजारी माझी सही घेत होती, प्रत्येकीची वेगळी.

एकशे चाळीस झाल्या. उरलेल्या उद्या. उद्याच्या कुप्या ती बरोबर घेऊन जाणार होती, तसं ठरलं होतं. गाडीपर्यंत गेलीसुद्धा. मग परत आली, माझ्या खोलीतल्या फ्रिजचा दरवाजा उघडला, आतला थर्मामीटर वाचला, दरवाजा बंद करून पुन्हा वाचला आणि कुप्या आत ठेवून गेली.

संग्राम